संशयाचा फायदा

काही इंग्रजी शब्दप्रयोग आपल्या घरी पाहुणे म्हणून येतात आणि घरजावई होऊन राहतात. 'बेनिफिट ऑफ डाउट' हा त्यांतलाच एक. आमच्या घरात तो इतका रुळलाय की इंग्रजी वर्तमानपत्राचा उपयोग फक्त कपाटात अंथरायला करणारी माणसंसुद्धा तो बिनदिक्कत वापरतात. दूध पातळ आलं की आई म्हणते, "म्हैस पाणी जास्त प्याली असेल. आजच्या दिवस देऊ या त्याला बेनिफिट." बँकेतून यायला मला उशीर झाला की सौभाग्यवती म्हणतात, "कॅश टॅली होत नव्हती म्हणता? ठीक आहे. बेनिफिट ऑफ डाउट." हे त्या ज्या सुरात म्हणतात त्यात डाउट शिगोशीग भरलेला असतो आणि बेनिफिट फक्त नावाला.

मी कॉमर्सचा पदवीधर आणि पेशाने बँकेतला कारकून. त्यामुळे बेनिफिट म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो तो असा, की हा जमा कुणाच्या खात्यात झाला आणि नावे कुणाच्या पडला? लुका पाचोली नावाच्या एका इटालियन संन्याशाने १४९४ साली द्विनोंदी पद्धत पुस्तकात छापून ठेवली, तेव्हापासून जगात फुकट काही राहिलेलं नाही. कुठे जमा असेल तर कुठेतरी नावे असणारच. मग संशयाचा फायदा एकाला मिळतो तेव्हा भुर्दंड कुणाला पडतो? हा प्रश्न मी बरीच वर्षं मनातल्या मनात 'सस्पेन्स अकाउंट'ला टाकून ठेवला होता. तो तिथून बाहेर कसा निघाला, ते सांगायचं आहे.

या शब्दप्रयोगाची आणि माझी पहिली गाठ पडली ती पुण्यात, नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात. चाफ्याच्या झाडाखाली आमचं क्रिकेट चाले. विहिरीवर चेंडू गेला की आउट आणि मालकांच्या खिडकीवर गेला की सगळी टीमच आउट, असे सुटसुटीत नियम होते. अडचण यायची ती झेल टिपला की टप्पा पडून घेतला अशा प्रसंगी. गोलंदाज छाती पिटून ओरडायचा आणि फलंदाज आईची शपथ घ्यायचा. अशा वेळी संशयाचा फायदा कुणाला द्यायचा याबद्दल आमचा एक अलिखित दंडक होता. ज्याची बॅट, त्याला बेनिफिट. बॅटवाल्याला आउट दिलं तर तो बॅट काखोटीला मारून घरी जात असे आणि मग न्यायही संपे आणि सामनाही.

एकदा वाड्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना आम्ही अंपायर केलं. त्यांनी पहिल्याच वादात बॅट नसलेल्या एका किरट्या पोराला नॉट आउट दिलं. बॅटवाला त्या वेळी गोलंदाजी करत होता. तो खवळला. "का पण? मलाच का नाही बेनिफिट?" मास्तर शांतपणे म्हणाले, "अरे गाढवा, तुला पुढचा चेंडू आहे. त्याला नाही."

तेव्हा ते आमच्या डोक्यावरून गेलं. पण आज वाटतं, क्रिकेटची ही सगळी रूढी त्या एका वाक्यात बसते. पंचांनी चुकून नॉट आउट दिलं तर गोलंदाज आणखी एक चेंडू टाकू शकतो. चुकून आउट दिलं तर फलंदाज पॅड सोडून मांडवात बसतो आणि दिवसभर दुसऱ्यांच्या खेळाला टाळ्या वाजवतो. ज्याचं नुकसान भरून येण्यासारखं नाही त्याच्याकडे झुकायचं, एवढीच त्यातली मेख. फलंदाज हा काही जन्मतः गोलंदाजापेक्षा प्रामाणिक असतो असं नव्हे.

आता यंत्रं आली. पंचांच्या निर्णयाला आव्हान द्यायची पद्धत २००८ साली भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत पहिल्यांदा वापरून पाहिली. मला वाटलं, झालं, संशय संपला, आता फायदा कसला! पण नाही. चेंडू यष्टीला निसटता लागतोय असं यंत्राने दाखवलं तर मैदानावरच्या पंचाने आधी जे सांगितलं असेल तेच कायम. त्याला 'अंपायर्स कॉल' म्हणतात. म्हणजे इतके कॅमेरे लावूनसुद्धा चिमूटभर संशय उरलाच, आणि त्याचा फायदा फलंदाजाकडून निघून अंपायरकडे गेला. शेवटी टेबलामागे बसलेल्या माणसाचाच शब्द खरा, हे पाहून नोकरदार म्हणून माझा ऊर भरून आला.

क्रिकेटच्या पानावरून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यावं तर तिथेही हाच पाहुणा, फक्त धोतर नेसून. 'संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता.' फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात कुणाचं पारडं जड, एवढं पाहिलं तरी भागतं. हा फरकही मास्तरांच्या हिशेबानेच आहे. पैसे परत करता येतात. तुरुंगातली दहा वर्षं कुणी परत करू शकत नाही. ब्लॅकस्टोन नावाचे अठराव्या शतकातले इंग्रज कायदेपंडित सांगून गेले की दहा अपराधी सुटले तरी चालतील, पण एक निरपराध शिक्षेत सापडता कामा नये. आपल्याकडे मात्र लोकांनी काय अनुभव घेतले कोण जाणे, आपली म्हण आहे, 'चोर सोडून संन्याशाला फाशी.' ब्लॅकस्टोनसाहेबांनी काय व्हावं ते सांगितलं आणि आपण काय होतं ते सांगितलं.

शिवाय या मुक्ततेला एक डाग असतो, हे नोकरदारांना चांगलं ठाऊक आहे. कोर्टाने 'सन्मानाने' सोडलं तर गोष्ट वेगळी. नुसता संशयाचा फायदा देऊन सोडलं, तर खात्याची चौकशी आपली चालूच राहू शकते. म्हणजे फायदा मिळाला, पण संशय परत घेतलेला नाही. धोबी कपडे धुऊन देतो आणि सांगतो, "साहेब, डाग गेला, पण कुठे होता ते दिसतंय."

आमच्या बँकेचं म्हणाल, तर बँक संशयाचा फायदा कुणालाच देत नाही. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांवर थकला की खातं 'एनपीए', आणि तसंच वर्षभर पडून राहिलं की त्याला आमच्या पुस्तकात नावच 'संशयित' असं मिळतं. संशय आला की आधी तरतूद करून ठेवायची, हे आम्हांला अकरावीपासून पढवलेलं. नफा दिसला तरी धरायचा नाही आणि तोटा नुसता वास आला तरी धरायचा. हा जमाखर्चातला शहाणपणा आहे. घोटाळा एवढाच, की पुढेपुढे माणूस हा शहाणपणा माणसांनाही लावायला लागतो.

सगळ्यांना नाही हं! तिथे आम्ही निवड करतो. माझ्या हातून चूक झाली तर "गडबडीत झालं", दुसऱ्याच्या हातून झाली तर "लक्ष कुठे असतं यांचं!" माझ्या मुलाला गणितात कमी मार्क पडले तर पेपर अवघड, शेजाऱ्याच्या मुलाला पडले तर मुलगा मठ्ठ. इस्त्रीचा शर्ट घालून इंग्रजीत बोलणारा माणूस सही चुकला तर "पेन खराब असेल सर, पुन्हा करा." धोतरातल्या म्हाताऱ्याची सही जुळली नाही तर "तुम्हीच का हो ते?" वाड्यातला दंडक मी नोकरीतही तसाच चालू ठेवला होता, आणि ते मला माहीतसुद्धा नव्हतं. ते कळलं २०१२ साली.

त्या वेळी माझी बदली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली होती. मी कॅश काउंटरवर होतो. आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी आमच्या शाखेत माणसं आत येत नाहीत, सांडतात. संध्याकाळी कॅश मोजली तर नऊ हजारांची तूट. पुन्हा मोजली. पुन्हा नऊ हजार. मॅनेजरसाहेबांनी मोजली. नोटा माणूस बघून वाढत नाहीत, त्यामुळे त्यांनाही नऊ हजारच कमी आले.

तूट कॅशियरने भरायची हा रिवाज. माझ्या पोटात गोळा आला. दिवसभराच्या पैसे काढण्याच्या स्लिपा घेऊन आम्ही बसलो. विचार सुरू झाला : नऊ हजार जास्त गेले कुठे? त्या वेळी हजाराच्या नोटा होत्या. त्या २०१६ साली गेल्या. एका कंत्राटदारांना मी एक लाख रुपये हजाराच्या नोटांत दिले होते. त्यात नऊ नोटा जास्त गेल्या असणं सहज शक्य होतं. पण मॅनेजरसाहेब म्हणाले, "छे छे! ते नऊ हजारांकडे ढुंकून तरी बघतील का? उगाच फोन केला तर मनाला लावून घेतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. कंत्राटदारांना संशयाचा फायदा मिळाला, आणि त्यांना तो मिळाल्याचं आजतागायत माहीत नाही.

मग एक स्लिप निघाली. हजार रुपये. मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींची. मी त्यांना शंभराच्या दहा नोटा दिल्या होत्या. की हजाराच्या दहा? हजाराच्या दिल्या असतील तर फरक बरोबर नऊ हजारांचा! सगळ्यांचे डोळे चमकले. इतका नेमका हिशेब जुळल्यावर त्यात माणूस कोण आहे हे पाहायची गरज कुणालाच वाटली नाही. खरं सांगतो, मलासुद्धा नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

शिपायाला मंडईत पिटाळलं. "साहेबांनी बोलावलंय, सकाळचे पैसे घेऊन या." बाजार ऐन भरात होता. मावशी पाटी शेजारणीवर सोपवून आल्या. केबिनमध्ये नेण्याइतकं कुणाला सुचलं नाही. काउंटरवरच विचारपूस झाली. त्यांनी कमरेची चंची सोडली आणि आतून नोटांची घडी काढली. शंभराच्या दहा. माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "मोजा."

मी मोजल्या. दहाच होत्या. तरी मी विचारलं, "यातले काही खर्च, किंवा घरी कुणाकडे..." हे वाक्य मी पुरं केलं नाही, पण सुरू केलं होतं.

मावशींनी घडी परत चंचीत ठेवली. म्हणाल्या, "मोजायचं काय न्हाई साहेब, धा येळा मोजा. पर तुमचा शिपाई बोलवाया आला तवा समदी गिऱ्हाइकं बघत व्हती." आणि गेल्या.

मी खिशातले, आणि कमी पडले ते सहकाऱ्यांकडून उसने घेऊन, नऊ हजार भरले. घरी आल्यावर हिने नुसतं तोंड बघितलं आणि त्या दिवशी उशिराबद्दल काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे हेड कॅशियर रजेवरून आले. निवृत्तीला आलेले, बोलायला कमी. सगळी कथा ऐकून त्यांनी एकच प्रश्न केला, "फरकाला नऊने भाग जातो का?"

वाचकांत कुणी कॉमर्सवाले असतील तर त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. अकरावीत शिकवतात की फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधा. सत्तावीसचे बहात्तर करा, चोपन्नचे पंचेचाळीस करा, फरकाला नऊने भाग जाणारच. पण मी सकाळपासून माणसं शोधत होतो, आकडे नाही. पाच मिनिटांत भरण्याची एक स्लिप सापडली. एका कापड दुकानदारांनी बारा हजार भरले होते आणि मी एकवीस हजार पोस्ट केले होते. एकाचा आणि दोनाचा क्रम माझ्याच बोटांनी बदलला होता. पैसे कुठे गेलेच नव्हते. ते आलेच नव्हते.

दुकानदारांना फोन लावला. एकवीस हजार जमा झाल्याचा मेसेज त्यांच्या मोबाईलवर गेला असणार. ते म्हणाले, "अहो, मी मेसेज बघतच नाही!" मॅनेजरसाहेब लगेच म्हणाले, "बरोबर आहे, धंद्याच्या गडबडीत कुठे वेळ मिळतो!" मी पुन्हा मान डोलावली. मान अर्ध्यावर आली आणि तिथेच थांबली. हे दुसरं बेनिफिट. दुकानदार खरं बोलत असतील, नव्हे, असतीलच. मुद्दा तो नव्हता. त्यांना न मागता मिळालेली गोष्ट मावशींना चंची सोडून दाखवल्यावरही पुरती मिळाली नव्हती.

उलट नोंद टाकली. कापड दुकानदारांच्या खात्यातून नऊ हजार कमी झाले आणि माझे मला परत मिळाले. सगळा मेळ बसला. फक्त मंडईतून बँकेपर्यंत शिपायाच्या मागे चालत आलेल्या बाईची उलट नोंद कुठल्या पुस्तकात टाकायची, ते पाचोलीने लिहिलेलं नाही. तेव्हा मला वाड्यातले मास्तर आठवले. "तुला पुढचा चेंडू आहे. त्याला नाही." मला पुढचा चेंडू होता. नऊ हजार मी हप्त्याहप्त्याने का होईना फेडले असते. कंत्राटदारांना विचारलं असतं तर ते फार तर रागावून दुसऱ्या बँकेत गेले असते. मंडईत बसणाऱ्या बाईकडे मात्र एक पाटी असते आणि "मावशींचा हात चोख" हे गिऱ्हाइकांचं बोलणं असतं. ते एकदा गेलं की पुढचा चेंडू नाही. म्हणजे फायदा कुणाला मिळायला हवा होता ते स्पष्ट होतं, आणि मी तो बरोब्बर उलटा वाटला होता. ज्याची बॅट, त्याला!

आणि सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथे मिळालं. संशयाचा फायदा देणाराच्याच नावे पडतो. पडायलाच हवा. मी मावशींना बोलावलं नसतं तर नऊ हजारांची एक रात्रभराची धाकधूक मला एकट्याला सोसावी लागली असती. तो खर्च टाळण्यासाठी मी तो त्यांच्या नावावर टाकला. दूधवाल्याला आई बेनिफिट देते तेव्हा त्या दिवशीचा चहा पातळ होतो, तो ती मुकाट्याने पिते. आपलं काही न जाता दिलेलं बेनिफिट म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर काढलेला चेक.

त्या संध्याकाळी मंडईत गेलो. माफी मागायची कशी याची जुळवाजुळव करत पाटीसमोर उभा राहिलो. बँकेच्या पत्रव्यवहारात 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं एक तयार वाक्य असतं. तेच तोंडात आलं आणि माझीच मला लाज वाटली. शेवटी म्हणालो, "मावशी, चूक माझीच होती. आकडा उलटा पडला होता." आजूबाजूच्या चारजणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. शिपायाचं बोलावणं जितक्यांनी ऐकलं होतं, तितक्यांच्या कानावर हेही जायला हवं होतं. गेलं की नाही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशीची गिऱ्हाइकं वेगळी असतात.

मावशी म्हणाल्या, "व्हतं कवाकवा. काय दिऊ?"

मी अर्धा किलो गवार मागितली. त्यांनी तराजू उचलला. गवारीचं पारडं खाली आलं तरी त्यांनी आणखी एक मूठ टाकली, ते चांगलं झुकलं, आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या आल्या. मी पाहत होतो. माझ्या आधीच्या म्हाताऱ्याला आणि माझ्यानंतरच्या शाळकरी पोरीलाही त्यांनी तसंच दिलं.

इतकी वर्षं मी समजत होतो की 'बेनिफिट ऑफ डाउट'ला मराठीत धड शब्दच नाही, 'संशयाचा फायदा' हे कोर्टातल्या भाषांतरकाराने केलेलं ओबडधोबड काम. शब्द मंडईत होता. झुकतं माप. काटा नेमका कुठे थांबला याबद्दल शंका असली की घेणाराच्या बाजूने झुकायचं, आणि ते आपल्या पाटीतून. वर्तमानपत्रांनी पुढे त्याचा अर्थ वशिलेबाजी असा करून टाकला. अमक्याला उमेदवारीत झुकतं माप, तमक्या जिल्ह्याला निधीत झुकतं माप. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ पाहिले की मला माझ्या त्या दिवसाची आठवण होते. मावशी देतात तेही झुकतं माप, आणि मी कंत्राटदारांना दिलं तेही झुकतं मापच. फरक एवढाच की त्यांचं गिऱ्हाईक पाहून बदलत नाही.

घरी आलो. हिने पिशवी उघडली, गवार हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, "अर्धा किलोच घेतली ना? जास्त वाटतेय. चुकून दिली असेल त्यांनी."

"चुकून नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नेहमीच्या डाउटाने पाहिलं आणि गवार निवडायला घेतली.